पाथर्डीची लाइन

श्रीरामपुरात विमल पगारेला आवाजावरून ओळखणारी माणसं भरपूर होती, चेहऱ्यावरून ओळखणारी थोडी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. बाजारपेठेतला आडत्या असो, दवाखान्यातले डॉक्टर असोत की चर्चमधले फादर, प्रत्येकाच्या कानात आधी तिचा आवाज पडायचा आणि मग ज्याच्याशी बोलायचं त्याचा. बाजारात तिने गवारीचा भाव विचारला की शेजारी उभा असलेला एखादा गृहस्थ चमकून बघायचा आणि म्हणायचा, तुम्ही एक्स्चेंजच्या बाई ना? विमल हसायची आणि पिशवी पुढे करायची.

तिचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करत. छप्पन्न साली घर बौद्ध झालं आणि त्यांनी देवाच्या रिकाम्या कोनाड्यात पुस्तकं ठेवायला सुरुवात केली. स्वतःला अक्षरओळख नव्हती. तरी जयंतीला पुस्तकांच्या गाड्यापुढे उभे राहायचे, एखादं उघडायचे, ओळीवरून बोट फिरवायचे आणि मगच विकत घ्यायचे. संध्याकाळी विमलने ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं आणि गल्लीने ऐकायचं, असा नेम होता. मधेच कुणी पाणी प्यायला उठलं तर वडील वाचन थांबवायचे, तो परत आल्यावरच पुढचं वाक्य.

लग्नानंतर तो ओटा सुटला. नवरा सोपान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. माणूस लाखातला, पण पुस्तक हातात धरलं की त्याला पेंग यायची. मुलगी सायली अजून शाळेत. नगरपालिकेच्या वाचनालयातून विमल पुस्तकं आणायची, वाचायची, परत करायची. वाचलेलं सांगायला कुणी नव्हतं. हे दुःख काही फार मोठं नसतं, पण रोजचं असतं.

श्रीरामपूरहून पाथर्डीला थेट लाइन नव्हती. आधी नगर मागायचं, नगरचा ऑपरेटर पुढे जोडून द्यायचा. तिथे दुपारपाळीला सहादेव नावाचे एक वयस्कर गृहस्थ असत आणि पलीकडे पाथर्डीला एक बाई. ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारत. त्यामुळे विमलला ती बाई कितीतरी दिवस फक्त ‘पाथर्डी’ म्हणून माहीत होती. दिवाळीच्या सुमारास पाथर्डीच्या लाइनीला उसंत नसे. ऊसतोडीचे मुकादम कारखान्यांना फोन लावत, टोळ्या कधी निघणार, ट्रक कधी येणार. उन्हाळ्यात मात्र सगळं थंडावायचं. लाइन जिवंत आहे ना, एवढं बघण्यापुरतं अधूनमधून एकमेकींना हाक मारायची.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात, अशाच एका दुपारी, विमलने पाथर्डीची लाइन तपासली आणि बोर्डातली पिन काढायची राहून गेली, लाइन जोडलेलीच राहिली. मांडीवर पुस्तक होतं. कानातल्या हेडफोनमधून एकदम आवाज आला.

“श्रीरामपूर, काय वाचताय?”

कामावर वाचायला बंदी होती. विमलने दचकून पुस्तक मिटलं आणि सांगितलं की रजिस्टर चाळतेय.

“रजिस्टरात एवढं रमत न्हाई कुनी,” पलीकडून उत्तर आलं. “मगाधरनं पानं उलटल्याली ऐकू येत्यात. मला बी सांगा की काय हाय ते.”

विमलने सांगितलं. एका गावात विहीर खणायला आलेल्या माणसाची कादंबरी होती; विहिरीला पाणी लागतं आणि गावाला त्याची गरज उरत नाही. पाथर्डीने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्यो जातो कुठं? विमल म्हणाली, ते सांगितलं तर तुम्ही वाचणार कशाला? पलीकडे हसण्याचा आवाज आला. घोगरा, मोकळा, पोटातून आलेला. त्या दिवशी दोघींमध्ये ठरून गेलं की पुस्तक सांगायचं, पण शेवट सांगायचा नाही.

पाथर्डीत पुस्तकं मिळायची मारामार. मग सोपानने डेपोतल्या ओळखीने सोय लावून दिली. पाथर्डीच्या गाडीच्या कंडक्टरकडे पुस्तक द्यायचं, तो स्टँडवरच्या कंट्रोलरच्या टेबलावर ठेवायचा आणि पाथर्डी ड्यूटी संपल्यावर घेऊन जायची. परतीच्या गाडीने पुस्तक माघारी. पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल वाचनालयातले लोक कुरकुर करायचे. विमल ऐकून घ्यायची.

नाव विचारायला बरेच महिने गेले. पाथर्डी जरा अडखळली आणि म्हणाली, दगडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. ऑफिसात सगळे ‘डी. बाई’ म्हणतात, तुम्ही पाथर्डीच म्हणा. विमलने तेच चालू ठेवलं. दगडाबाई मात्र तेव्हापासून तिला ताई म्हणू लागली.

आवडीनिवडीत दोघी दोन टोकं. विमलला माणसाने स्वतःचं आयुष्य उघडं करून लिहिलेलं आवडायचं. दगडाबाईला गोष्ट लागायची, आणि गोष्टीत कुणीतरी शहाणी म्हातारी असली तर फारच उत्तम. यावरून त्या भांडायच्या. सहादेव मधे नगरला बसून सगळं ऐकत असत, हे दोघींना ठाऊक होतं. एकदा भांडण रंगात आलेलं असताना ते म्हणाले, नगरलाही पाठवा ते पुस्तक, मग सांगतो कोण बरोबर आहे ते. तेव्हापासून काही पुस्तकं नगरलाही उतरू लागली.

एका पावसाळ्यात विमलने तिला एक कादंबरी पाठवली. स्वतः वाचून भारावून गेली होती, त्या भरात पाठवली. त्यानंतर बरेच दिवस दगडाबाई फक्त कामापुरतं बोलली. विमलने खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की त्या पुस्तकातलं लेकरू तापाने मरतं. तिचंही असंच गेलं होतं. नवऱ्याला लाइनमनची नोकरी लागायच्या आधी दोघं ऊसतोडीला जात. देवळाली प्रवराच्या शिवारात, पाचटाच्या कोपीत, गोवराने तिचा गहिनीनाथ गेला. दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर फडात जावं लागलं. पुढे नवराही आजारपणात गेला आणि त्याच्या जागी तिला ही खुर्ची मिळाली. हे सगळं तिने एका दमात, नंबर सांगावा तसं सांगितलं.

“आता पुस्तक सांगताना आधी एवढं सांगत जा, ताई,” ती म्हणाली. “कुनी लहान जातं का त्यात. बाकी कायबी असूं द्या.”

विमलने पुढे प्रत्येक पुस्तकाला ते सांगितलं.

तिच्या मनातही एक गोष्ट होती. दगडाबाईने तिला कधी आडनाव विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. रोज बोलायचं आणि हे मधे ठेवायचं, याचा विमलला त्रास होऊ लागला. शेवटी एका बसने तिने एका बौद्ध माणसाचं आत्मकथन पाठवलं. पाणवठ्याचं, गावकुसाबाहेरच्या घरांचं, शाळेत दाराशी बसवलेल्या मुलाचं. पाठवताना म्हणाली, यात कुणी लहान जात नाही, पण ही आमच्या लोकांची गोष्ट आहे, आमच्या घरची म्हटलं तरी चालेल.

आठवडाभराने दगडाबाईने श्रीरामपूर मागितलं. पुस्तक वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही, म्हणाली. मग पुढे सांगू लागली.

“आईला इचारलं, आपन बी असंच वागायचो का गं? आई म्हनली, वागायचो.”

 सहादेवही लाइनवर ऐकत होते. विमलला वाटलं, आता पिन निघेल आणि हे संपेल.

“असलं आनिक असंल तर पाठवा,” दगडाबाई म्हणाली.

भेटायचं मात्र राहूनच गेलं. नगरच्या स्टँडवर दोघींनी यायचं असं किती वेळा ठरलं. कधी विमलला सुट्टी मिळेना, कधी दगडाबाईच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. खरं म्हणजे रोज बोलणं होत होतं, त्यामुळे भेटायची निकड वाटत नव्हती.

ब्याण्णव साल लागलं तसा दगडाबाईचा आवाज बदलला. आधीच घोगरा, आता चरचरीत झाला. विमलने विचारलं की ती पाथर्डीच्या धुळीला नावं ठेवायची. मग मिसरीला, मग कामाला. आणि तिची मागणीही बदलली. पूर्वी ती म्हणायची, जाडजूड काहीतरी पाठवा, महिनाभर पुरलं पाहिजे. आता म्हणू लागली, पातळ सांगा. विमलने एकदोन चांगली कथांची पुस्तकं पाठवली. पुन्हा तेच, पातळ सांगा. विमलला ते आवडलं नाही. तिने एक मोठी कादंबरी मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवली होती. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या, आणि त्यात एक शहाणी म्हातारी पहिल्या पानापासून.

त्याच उन्हाळ्यात पाथर्डीला नवं यंत्र बसलं. आता लोक स्वतःच नंबर फिरवणार, ऑपरेटरचं काम संपलं. शेवटच्या दुपारी यंत्राला हार घातला, नारळ फुटला, साहेब लोक पेढा खाऊन गेले आणि दगडाबाईने श्रीरामपूर मागितलं. उद्यापासून ही खुर्ची नाही, तिने सांगितलं. कुठे टाकतात ते अजून कळलेलं नाही. जाता जाता एखादं पुस्तक सांगा, पातळसं. विमलने त्या मोठ्या कादंबरीचं नाव काढलं. दगडाबाई नको म्हणाली.

“तुम्ही हल्ली फार आळशी झालात, पाथर्डी,” विमल म्हणाली.

दगडाबाई हसली, हसता हसता तिला खोकला लागला आणि तो थांबायच्या आतच लाइन बंद झाली.

विमलने तरीही ती कादंबरी गाडीने पाठवली. बरेच दिवस ती पाथर्डीच्या कंट्रोलरच्या टेबलावर पडून राहिली आणि एके दिवशी कंडक्टरने तशीच परत आणून दिली. कुणी न्यायला आलंच नाही, म्हणाला. विमलने ऑफिसच्या पत्त्यावर कार्डं टाकली, त्यांना उत्तर आलं नाही. सहादेवांना विचारावं तर तेही तोवर नगरच्या बोर्डावरून दुसऱ्या कामावर गेले होते. तिला वाटलं, आळशी म्हटलं ते लागलं असेल. मग वर्षभरात श्रीरामपूरचा बोर्डही गेला. पितळी पिनांच्या दोऱ्या पोत्यात भरून नेल्या आणि विमलला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. लोक तिथे फोन बंद असल्याचं सांगायला येत. आता तिला चेहऱ्यावरून ओळखणारी माणसं वाढली.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात त्या खिडकीशी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. त्यांनी तोंड उघडलं आणि विमल उभी राहिली. सहादेव होते. कामानिमित्त श्रीरामपूरला आलेले. चहा घेताना त्यांनी विचारलं, दगडाबाईंचं कळलं का? घशाचा कॅन्सर. पुण्याला ऑपरेशन झालं, आता घरी आणलंय. विमलने विचारलं, कधीपासून? सहादेव म्हणाले, दुखणं तर एक्स्चेंज बंद व्हायच्या आधीचंच. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. “मला म्हणाल्या होत्या,” ते म्हणाले, “जाड पुस्तक अर्धं राहिलं तर जीव अडकेल. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. ताई पुस्तकं सांगायचं सोडून तब्येत विचारत बसतील.”

विमलने चहा तसाच ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ती पाथर्डीच्या गाडीत बसली. मांडीवर ती कादंबरी. स्टँडवर घर विचारत विचारत गेली. दोन खोल्यांचं घर, दारात शेळी, आणि उंबऱ्याजवळ दगडाबाईची आई रंगुबाई ज्वारी पाखडत बसलेली. आत खाटेवर एक वाळलेली बाई भिंतीला टेकून बसली होती. गळ्याभोवती पांढरं कापड, त्यातून नळीचं टोक दिसत होतं. विमल दारात थांबली. इतक्या वर्षांत तिने मनाशी एक चेहरा धरून ठेवला होता, गोल, ठसठशीत. हा तो नव्हता. खाटेवरची बाईही अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होती.

“श्रीरामपूर,” विमल म्हणाली.

त्या बाईने दोन्ही हात तोंडावर नेले. मग हात खाली आले आणि ओठ हलले. आवाज नाही, नळीतून नुसती हवा शिट्टीसारखी. पण ओठांवरून विमलला कळलं. ती ‘पाथर्डी’ म्हणाली होती.

दोघींनी मिळून जितकं रडायचं तितकं विमल एकटीच रडली. दगडाबाईने तिला रडू दिलं आणि मग तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट केलं.

विमलने ऑफिसात निरोप पाठवून रजा वाढवून घेतली आणि तिथेच राहिली. सकाळी उन्हाला खाट दारात आणायची आणि वाचायला बसायचं. लहानपणी ओट्यावर वाचायची तसं, मोठ्याने. रंगुबाई काम करता करता ऐकायची. कादंबरीतली म्हातारी काही बोलली की दगडाबाई तळवा उचलायची, म्हणजे ते परत वाच. एका दुपारी विमलच्या लक्षात आलं की पुढे मधल्या पिढीतलं पोर आजारी पडतं. ती हे विसरून गेली होती. तिने दोन पानं एकदम उलटली आणि वाचत राहिली. दगडाबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला. विमलने वर पाहिलं. दगडाबाईने ती दोन पानं स्वतःच्या हाताने मागे उलटली आणि वाच म्हणून खूण केली. विमलने वाचलं. रंगुबाई ज्वारीचं सूप घेऊन आत निघून गेली. वाचून झालं तेव्हा दगडाबाईचे डोळे कोरडे होते, हात मात्र विमलच्या मनगटावरच होता.

रजा संपत आली तरी पुस्तक निम्म्याच्या थोडं पुढे गेलं होतं. दगडाबाईला आता बसवत नव्हतं. शेवटच्या दिवशी विमल म्हणाली, पुढच्या रविवारी येते, राहिलेलं तेव्हा. दगडाबाईने नकाराची मान हलवली. तिने पुस्तक मागितलं, शेवटचं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

शेवट सांगायचा नाही हे त्यांचं ठरलेलं.  दगडाबाईचं बोट पानावरून हललं नाही.

मग विमलने सांगितलं. कोण जगतं, कोण घर सोडून जातं, शेत कुणाला जातं, आणि ती म्हातारी शेवटी सगळ्या नातवंडांना माफ करून कशी सुखाने डोळे मिटते. सांगून झालं. दगडाबाईने नाक मुरडलं आणि माशी हाकलावी तसा हात झटकला. तिला तो शेवट पटला नव्हता. शहाणी म्हातारी एवढ्या सहजी माफ करील होय? विमलला हसू फुटलं. दगडाबाईही हसली, म्हणजे खांदे हलले. विमल तिच्याशी भांडली, लेखकाची बाजू घेतली, आणि दगडाबाई प्रत्येक मुद्द्याला हात झटकत राहिली. गाडीची वेळ झाली म्हणून भांडण तसंच ठेवून विमल उठली.

त्या आठवड्यात शनिवारी तक्रारींच्या खिडकीवरचा फोन वाजला. नगरहून सहादेव बोलत होते. त्यांनी एवढंच सांगितलं, “श्रीरामपूर, पाथर्डी गेली.”

दहाव्याला विमल सोपानला घेऊन गेली. पाहुण्यांच्या गर्दीत तिला कुणी ओळखत नव्हतं. कोण कुठल्या, असं एकीने विचारलं तर काय सांगावं ते सुचेना. नातं नाही, गाव नाही, जात नाही. रंगुबाईच पुढे आली आणि त्या बाईला म्हणाली, ही दगडीची माणूस हाय. मग तिने विमलला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मंडळी पांगल्यावर म्हातारीने विचारलं, तुम्ही दोघी दिवसदिवस एवढं काय बोलायच्या? विमल म्हणाली, पुस्तकांचं बोलायचो. रंगुबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, मग मलाबी एखादं सांग. विमलने तिला विहीर खणणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली. म्हातारी हुंकार देत ऐकत राहिली. पुढे ती असेपर्यंत विमल वर्षातून एकदा पाथर्डीला जाऊन तिला एक पुस्तक सांगून येत असे.

नव्याण्णव साली सायली श्रीरामपुरातच एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली होती. तिथे इंटरनेट आलं होतं. एके दिवशी ती घाईघाईने सांगत आली की पुस्तकं वाचणाऱ्या माणसांचा एक गट आहे, पुण्याचे, मुंबईचे, पार अमेरिकेतले मराठी लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकमेकांना कुठलं पुस्तक वाचावं ते कळवतात. आईने यायलाच पाहिजे. रविवारी विमल तिच्याबरोबर गेली. सायलीने एकेक पत्र उघडून वाचून दाखवलं. कुणी कशाची शिफारस केली होती, कुणी त्याच्याशी भांडत होतं. विमलला भांडणं आवडली. सायली म्हणाली, आई, तूही काहीतरी सांग, मी लिहिते. विमलने एका आत्मकथनाबद्दल सांगितलं, आणि सायलीने ते अडखळत टाइप करून पाठवलं.

पुढच्या रविवारी उत्तर आलेलं होतं. नाशिकच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं की पुस्तक मिळवलं, दोन दिवसांत संपवलं, अशीच आणखी सांगा. सायलीला फार आनंद झाला. विमलने तिला ते पुन्हा वाचायला लावलं आणि मग विचारलं, या बाई बोलतात कशा?

“आई, इथे आवाज येत नाही,” सायली म्हणाली. “नुसतं लिहिलेलं असतं.”

विमल त्या काचेकडे बघत राहिली. सायलीने विचारलं, उत्तर काय लिहू? शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपली वेळ झाली म्हणून घड्याळ दाखवत होता. विमल म्हणाली, लिही, सांगते म्हणून. आणखी पुस्तकं आहेत. पण तिला त्या घटकेला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना, आणि सायली हात कीबोर्डवर ठेवून थांबून राहिली.